गप्पगोळी

३ फेब्रुवारी, सकाळ

डॉक्टरीणबाई,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत ठेवले आहेत. रागात असलीस तर बाजूला काढून ठेव, नासत नाहीत. माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण ते आता पालुपदासारखे झालेत, दर कडव्यानंतर यायचेच.

फोन तू उचलत नाहीस. मावशीकडून निरोप धाडला तर ती वाटेत त्याला स्वतःचं तिखटमीठ लावते. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, लिहिणाऱ्याला मधेच तोडता येत नाही. फार तर पत्र फाडता येतं, पण तू माझी मुलगी आहेस, फाडण्याआधी वाचशील.

शिबिराच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मी तुला चारचौघांत बोललो, याचा तुला राग आहे. असू दे. बोललो ते मी मागे घेणार नाही. तू एका पाच वर्षांच्या मुलीला टेबलावर उभं केलंस, बोटानं तिचा वरचा ओठ उचललास आणि हॉलभर बसलेल्या आयांना सांगितलंस, "हे पाहा. हा रोग नाही, हा आळस आहे. रात्री दात घासायला असा कितीसा वेळ लागतो?" मी मागच्या बाकावर होतो. उठून एवढंच म्हणालो, "डॉक्टर, नापास झालेल्याचा पेपर भरवर्गात वाचून दाखवायचा नसतो." लोक हसले. हसतील असं मला वाटलं नव्हतं. तू बॅग उचललीस आणि रांगेतली उरलेली मुलं न तपासताच निघून गेलीस.

ती मुलगी माझ्या शेजारच्या खोलीत राहते. इथे वसाहतीत तिला सगळे भिंगरी म्हणतात. कधीकाळी गरगर फिरत असणार, आता भिंतीला पाठ लावून बसते. बोलताना तोंडावर पालथा हात धरते. तो हात शिबिरानंतरचा आहे, आधी नव्हता. मला ठाऊक आहे, कारण दुपारी माझ्याकडे कविता म्हणायला येणाऱ्या पोरांत ती असते. तिच्या पुढच्या दातांचे हिरडीपाशी तपकिरी खुंट उरलेत, त्यामुळे सगळी दंत्य अक्षरं फटीतून निसटतात. तिची 'नदी' ऐकली की वाटतं, पाणी खरंच वाहून गेलं. पण म्हणायची जोरकस. आता हाताआडून म्हणते.

मुद्द्याचं सांगतो. तिचा उजवा गाल सुजला आहे. खालच्या मोठ्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी आली आहे. ती जेवत नाही, भात गिळते तो डाव्या बाजूनं, मान वाकडी करून. कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं तापाचं गुलाबी औषध दिलंय. ताप उतरतो, पुन्हा चढतो. गावात लहान मुलांच्या दातांचा सरकारी विभाग एकच, आणि त्याची मुख्य तू. भिंगरीची आई म्हणते, "त्या बाईच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

मी समजूत घालण्यात पटाईत आहे, हे तुला माहीत आहे. तुझ्या आईनं हा रंग, ही खिडकी, हा जावई, सगळं माझ्या समजुतीनंच पसंत केलं होतं. पण हिच्यापुढे माझं काही चाललं नाही. तेव्हा तू ये. ती येणार नाही, आणि दाढ काही तुमच्या दोघींच्या मानापमानासाठी थांबणार नाही.

उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल, शुद्ध लिही.

तुझा,
बाबा


६ फेब्रुवारी, दुपार

डॉक्टरीणबाई,

तुझं कार्ड मिळालं. "दवाखाना नऊ ते एक उघडा असतो. पेशंट आणा. हट्टावर माझ्याकडे औषध नाही. आणि शिबिरात तपासलेल्या प्रत्येक पोराच्या गालात गोळी होती, ती का, हे आधी मला सांगा."

हट्टावर औषध नाही हे खरं, नाहीतर लहानपणीच तुला दिलं असतं. पण तुझा शेवटचा प्रश्न फार चांगला आहे. शिबिरात तो तू एखाद्या आईला विचारायला हवा होतास. आता मी सांगतो, ऐक.

इथे बाटल्यांचा कारखाना आहे, हे तुला ठाऊक आहे. काचेची भट्टी विझवता येत नाही. विझली तर आतला रस थिजून दगड होतो आणि मग सगळी भट्टीच फोडावी लागते. म्हणून ती वर्षानुवर्षं जळते, आणि माणसं पाळीपाळीनं तिच्यापुढे उभी राहतात. संध्याकाळी धुराड्याच्या पोटात जो तांबूस उजेड दिसतो, त्याकडे पाहत मी कितीदा चहा गार केला आहे. पण ते माझ्यासारख्या रिकामटेकड्याचं. ज्यांना त्या उजेडापुढे रात्र काढायची असते, ते दिवसा झोपतात. म्हणजे सकाळ असो, दुपार असो, वसाहतीत कोणी ना कोणी गाढ झोपेत असतंच. खोल्यांमधल्या भिंती अशा, की शेजारच्यानं कूस बदललेली कळते.

इथे एक रीत आहे. रात्रपाळीचा माणूस झोपला की दाराच्या कडीला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या रांगेत आवाज बंद. बायका भांडी फडक्यावर उपडी घालतात. भांडणंसुद्धा खुणांनी होतात, आणि फार रंगतात. निवृत्त होऊन मी इथे खोली घेतली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी अंघोळ करताना शार्दूलविक्रीडित लावलं. दारात एक भट्टीवाला आला, डोळे लाल, अंगात उलटा बनियन. म्हणाला, "गुरुजी, कविता चांगली आहे. पण मी आत्ताच अंग टाकलंय." मी तिथल्या तिथे पूर्णविराम दिला.

मोठ्या माणसाला असं सांगता येतं. तान्ह्या बाळाला कसं सांगणार? त्याच्या तोंडात गोड दुधाची बाटली राहते, झोपेतही. रांगायला लागलं की साखरेत बुडवलेलं बोट. बोलायला लागलं की गोळी. गल्लीच्या तोंडाशी दुकान आहे, तिथे बरणीवर चिठ्ठी नाही, पण सगळे 'गप्पगोळी' म्हणूनच मागतात. एक तोंडात टाकली की पोर चघळत बसतं, संपली की रडायच्या आत दुसरी. तू ज्याला आळस म्हणालीस, त्याच्यासाठी इथल्या बायका दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या असतात.

आणि हा नुसता शेजारधर्म नाही. रांगेच्या टोकाला एक माणूस राहतो, आता फाटकावर बसतो. तो पूर्वी भट्टीवर होता. एका दुपारी पोरांनी बोळात शिवाशिवी मांडली, त्याची झोप मोडली, आणि त्या रात्री भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्याच त्याचा डोळा लागला. तापल्या काचेचा गोळा हातावर आला. उजव्या हाताला आता अंगठा आणि एक बोट. त्यानं कोणाला दोष दिला नाही, पण त्या दिवसापासून दुकानातली बरणी दुप्पट मोठी झाली. भिंगरीचा बाप त्याच भट्टीवर आहे.

मी तिच्या आईला म्हणालो, "अगं, पण पोरीच्या दातांचं काय?"

ती म्हणाली, "गुरुजी, दात गेले तर दुसरे येतात. बोटं येतात का?"

यावर तुला उत्तर सुचलं तर कळव. तसंही दुधाचे दात पडायचेच असतात, असं तिला इथे कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती थोडी निर्धास्त राहिली.

माझा दुपारचा वर्गही कुजबुजीतच चालतो. टाळ्यांवर वृत्त शिकवता येत नाही, म्हणून आम्ही मांडीवर बोटं आपटतो. पोरं हुशार आहेत. उत्साह राहावा म्हणून मी त्यांना अधूनमधून काहीबाही देतो.

पण मला खात्रीनं वाटतं, या मुलांना ब्रशच्या आधी एक अशी जागा पाहिजे जिथे ओरडलेलं चालतं. तोंड मोकळं राहिलं तर गोळी कशाला लागेल? हसू नकोस. कवितेच्या माणसालाही कधीतरी व्यवहारातलं सुचतं.

गाल आज कालच्यापेक्षा टणक आहे. तू 'पेशंट आणा' लिहिलंस. नऊ ते एक तिची आई पॅकिंगच्या टेबलाशी उभी असते, आणि उठून गेली तर तिची जागा घ्यायला फाटकाबाहेर रांग आहे. हेही आता तुला कळलं.

बाबा


१० फेब्रुवारी, संध्याकाळ

डॉक्टरीणबाई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, फैर आहे. मला आवडलं. तुला राग आला की तुझी वाक्यं छोटी होतात, लहानपणीही व्हायची.

दुधाच्या दातांनी खालच्या पक्क्या दातांची जागा धरून ठेवलेली असते, मुळाशी पू झाला तर तो खाली घडत असलेल्या दातापर्यंत पोचतो, आणि सूज डोळ्याकडे चढली किंवा पोरीला गिळता येईना झालं तर दिवसरात्र न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे सगळं मी तिच्या आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिनंच सांगितलं म्हणून. कंपाउंडरकडे तू पाठवलेलं औषध सुरू आहे. ताप नाही. गाल थोडा मऊ झालाय. पण हे औषध पाहुण्यासारखं आहे, चार दिवसांनी जाईल आणि दाढ काढली नाही तर सूज पुन्हा येईल, असं तूच लिहिलंस. तेही वाचून दाखवलं.

आता तुझे दोन प्रश्न. 'कोणीतरी' म्हणजे कोण, आणि 'काहीबाही' म्हणजे काय. तुझे दोन्ही संशय बरोबर आहेत. 'कोणीतरी' मीच. 'काहीबाही' म्हणजे लिंबाच्या गोळ्या, कवितेला एक, वृत्त ओळखलं तर दोन. बरणी फाटकावरच्या माणसाला देऊन टाकली, तो सिगारेट सोडतोय. पोरांना बक्षीस म्हणून आता माझ्या चष्म्यातून एकदा बघायला मिळतं. त्यांना ते जास्त आवडलेलं दिसतं, मला जरा अपमानच वाटला.

काल दुपारी भिंगरीची आई पाळीवरून आली आणि माझ्या पायरीवर बसली. पोटऱ्या चोळत होती. आत नवरा झोपलेला, कडीला चिंधी, म्हणून आमचं सगळं बोलणं कुजबुजत.

"तुमच्या मुलीचं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली.

"माझ्या हाताखाली घोटलंय."

"डॉक्टरांचं असं नसतं." मग ती पोटऱ्या चोळायची थांबली. "गुरुजी, मी दिवसभर काय करते माहीत आहे? पट्ट्यावरून बाटल्या येतात. एकेक उचलायची, दिव्यापुढे धरायची, फिरवायची. केसाएवढी चीर असली तरी मला दिसते. बाजूला काढते. माझी एक बाटली कधी परत आलेली नाही. आणि माझ्याच पोरीच्या तोंडातलं भोक मला दिसलं नसेल?"

"दिसलं असणार."

"सगळ्यांच्या आधी दिसलं. पहिला पांढरा डाग पडला तेव्हाच दिसलं. दिसून काय करू? तिचा बाप झोपलेला. ती रडायला लागली की माझा हात आपोआप डब्यात जातो. माझा हात माझा राहत नाही."

मी म्हणालो, "माझी मुलगी इथे येईल."

"येऊन? परत ओठ वर करेल?"

"नाही करणार."

"तर मग ऐका. मला आळशी म्हणाल्या त्या चारचौघांत. आता जे काय म्हणायचं ते चारचौघांतच येऊन म्हणू देत. दवाखान्यात दार लावून गोड बोललेलं मला नको. त्या आल्या तर पोरगी त्यांची. हवं ते करू देत. नाही आल्या तर मी हिला दुसऱ्या गावाला नेईन, चालत नेईन."

"ती येईल," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत तिला?"

"नाही."

ती हसली. शिबिरानंतर प्रथमच.

तेव्हा मी तुझ्या वतीनं शब्द देऊन बसलो आहे, तुला न विचारता. मला त्यात काही धाडस वाटत नाही. तू तिसरीत होतीस तेव्हा कवितेच्या स्पर्धेत तुला मधली एक ओळ आठवेना. बाई पडद्यामागून खुणा करत होत्या, परीक्षकांनी घंटी वाजवली, पुढचा मुलगा पायरी चढून वर आला, आणि तू तिथेच उभी. 'आठवेल' म्हणालीस. सगळ्या सभागृहाला थांबवून ठेवलंस, आणि आठवली. तुझ्या आईनं लाजेनं पदरात तोंड घातलं होतं. मला मात्र तेव्हाच कळलं, ही ओळ पुरी केल्याशिवाय खाली उतरत नाही. शिबिरात तू उतरलीस. म्हणून मला खरा धक्का बसला तो तू काय बोललीस याचा नव्हे.

ये. दुपारी ये, म्हणजे सगळ्या भेटतील. आणि गाडीचा दरवाजा हळू लाव.

बाबा


१४ फेब्रुवारी, दुपार

डॉक्टरीणबाई,

दरवाजा तू हळू लावला नाहीस.

काल तू आलीस आणि परत गेलीस, आणि माझ्याशी एकूण बोललीस ते "खोली कोंदट आहे" आणि "गोळ्या वेळेवर घ्या". चालेल. पण स्वतःला कोणाला बाहेरून पाहता येत नाही, म्हणून मला पायरीवरून जे दिसलं ते लिहून ठेवतो.

गाडीचा दरवाजा वाजला तशा खिडक्या किलकिल्या झाल्या आणि चारी बाजूंनी 'शूऽऽ' आलं. तू दचकलीस. मग पाण्याच्या टाकीपाशी ताठ उभी राहिलीस. बायका जमल्या होत्या, हाताची घडी घालून, दूर दूर. भिंगरीची आई सगळ्यांत मागे, दाराच्या चौकटीला टेकून. तू घसा साफ केलास आणि तुझ्या त्या वॉर्डातल्या आवाजात म्हणालीस, "त्या दिवशी मी..." एवढ्यात टाकीजवळ राहणाऱ्या आजीनं तळहात खाली दाबला. जसा आपण तबला थांबवतो. तू पुन्हा सुरुवात केलीस, हळू. आजीचा हात आणखी खाली. तू आणखी हळू. शेवटी तुझा आवाज तुझ्या ओठांपासून हातभर अंतरावर संपायला लागला.

आणि मग काय झालं ते पाहण्यासारखं होतं. ऐकू येईना म्हणून बायका पुढे सरकल्या. पुढच्यांना ऐकू येतंय आणि आपल्याला नाही, म्हणून मागच्या सरकल्या. हाताच्या घड्या सुटल्या. एकीनं तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तोल सावरायला असेल. शेवटी भिंगरीची आईसुद्धा चौकट सोडून आली, कारण जे तिच्यासाठी होतं ते तिलाच ऐकू येत नव्हतं. डोक्याला डोकं लागलेलं, मधे तू. चारचौघांत माफी ऐकायला जमलेल्या बायका, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटावं, या सगळ्या मिळून एखादी चोरी ठरवताहेत.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. जन्मभर मुलांना 'मोठ्यानं बोल' सांगितलेल्या माणसाला त्याच्याच मुलीचं भाषण ऐकता येऊ नये, ही काव्यातली गंमत मला कळते. तू गेल्यावर मी चौकशी केली. आजी म्हणते, तू 'चुकलं' म्हणालीस. पलीकडची म्हणते, छे, तू 'मला माहीत नव्हतं' म्हणालीस, चुकलं वेगळं. दोघींची त्यावरून खुणांनी जुंपली. भिंगरीच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "काय बोलल्या ते आमच्यात राहू दे, गुरुजी." मी हात जोडले.

पुढचं मात्र मला दिसलं. पोरगी बाहेर आली, तोंडावर हात. तू खाली मातीत बसलीस, चांगल्या कपड्यांनिशी. तिच्या हाताला तू हात लावला नाहीस. तू स्वतःचंच तोंड उघडलंस, बोटानं गाल ओढलास, आणि आतली एक दाढ तिला दाखवलीस. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "काळी आहे." तू मान हलवलीस. "दुखलं?" तू पुन्हा मान हलवलीस. तेव्हा तिनं आपला हात खाली घेतला आणि तोंड उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तुझी ती दाढ कधी भरली, मला आठवत नाही. कवितेला एक गोळी हा नियम मी पहिल्यांदा कोणासाठी केला, ते मात्र आठवतं. पुढचा विचार मी केला नाही. पत्रात जागा थोडी असते.

दवाखाना गुरुवारी पाळी सुटल्यावर उघडा ठेवणार, असं तू बायकांना सांगितलंस. तुमच्या साहेबांना विचारलंस का, असं आजी मला विचारत होती. मी म्हटलं, ती आधी सांगते आणि मग विचारते, आमच्या घरची पद्धतच आहे.

आणि दुसरी बातमी तू मला दिलीच नाहीस, फाटकावरच्या माणसाकडून कळली. जाताना तू मॅनेजरच्या ऑफिसात शिरलीस आणि बराच वेळ बाहेर आली नाहीस. काय बोललीस कोण जाणे. तिथे कुजबुजायची सक्ती नव्हती, त्यामुळे फाटकापर्यंत ऐकू येत होतं म्हणे. आज सकाळी हुकूम निघाला. बॉयलरच्या मागे रिकाम्या खोक्यांचं गोदाम आहे, ते दुपारभर पोरांना. बॉयलरच्या आवाजात तिथलं काही वसाहतीपर्यंत पोचत नाही. फाटकावरचा माणूस म्हणाला, "गुरुजी, तुमची मुलगी भट्टीपेक्षा गरम आहे." मी म्हटलं, विझवता येत नाही ते त्याचमुळे.

मी आजच पोरांना घेऊन तिथे गेलो. म्हटलं, आता खुशाल मोठ्यानं म्हणा. आणि तुला सांगतो, त्यांना येईना. सगळी खोक्यांवर बसली आणि नेहमीसारखी कुजबुजायला लागली. एक जण तर दाराकडे बघून चिंधी शोधत होता. होईल. सवय लागायला वर्षं लागली, सुटायला चार दुपारी तरी द्यायला हव्यात. मी त्यांच्यासाठी एक कविता रचतोय, जी हळू म्हणताच येणार नाही:

"ढगात ढोल कोण हे धडाधडा बडवतं,
दडून झोपलेलं ऊन दारदार उठवतं."

मात्रा अजून लंगडतात. पण पहिली ओळ कुजबुजून बघ, जमणार नाही.

गुरुवारी आम्ही तिघं येतो. भिंगरीचा बाप यायचं म्हणत होता, तिच्या आईनं त्याला झोपायला लावलंय.

बाबा


१९ फेब्रुवारी, सकाळ

डॉक्टरीणबाई,

काल तू आम्हाला गाडीनं फाटकापर्यंत सोडलंस. वाटेत मी एक अक्षर बोललो नाही, तेव्हा तू दोनदा वळून पाहिलंस. मी झोपलो नव्हतो, नुसते डोळे मिटले होते. जे सांगायचं होतं ते मागच्या सीटवरून सांगण्यासारखं नव्हतं.

आधी पेशंटचं. रात्री तिला झोप लागली. उशीवर थोडं रक्त होतं, तू सांगितलं होतंस तेवढंच. सकाळी तिनं गार दूध प्यायलं, बिनसाखरेचं, तोंड वाकडं करून. काढलेली दाढ आईनं कागदात बांधून ठेवली आहे आणि रांगेतल्या प्रत्येकीला दाखवते, मुळाशी धरून, दिव्यापुढे. ओल्या कापसानं उरलेले दात कसे पुसायचे ते तू दाखवलंस, ते आज पहाटे तीन घरांत चाललं होतं, अगदी बिनआवाजी. ब्रशपेक्षा कापूस इथे लवकर रुळेल, कारण त्याचा आवाज होत नाही. पुढच्या खुंटांना तू लावलेलं औषध काळं पडलंय. पोरगी विचारत होती, "डॉक्टरबाईंच्यासारखं झालं का?" मी हो म्हटलं.

आता कालचं. आत काय झालं ते तुला माहीत. बाहेर काय झालं ते फक्त मला माहीत आहे.

तू तिला आत घेतलंस आणि दार लोटून घेतलंस. बाकावर आम्ही दोघं. समोर आणखी काही आया, पाळीवरून थेट आलेल्या, मांडीवर पोरं. सगळ्या सवयीनं गप्प. नळ ठिबकत होता तेवढाच. भिंगरीची आई अगदी कडेवर बसली होती, उठायच्या बेतात. मी एक-दोन विषय काढले, तिनं ऐकले नाहीत. आतून तुझा आवाज यायचा, मोजका. मग काही तरी भांड्यात पडल्याचा आवाज. मग क्षणभर काहीच नाही.

आणि मग भिंगरी ओरडली.

डॉक्टरीणबाई, मी वर्गात आयुष्य काढलंय, मला पोरांचे आवाज ओळखता येतात. हे दुखण्याचं रडणं नव्हतं, तू तिला बधिर केलं होतंस, हे मला माहीत आहे. हा आवाज घाबरल्याचा होता, आणि थोडा संतापाचाही. पण त्यापलीकडे त्यात आणखी काही तरी होतं. आवाज वर गेला, मग तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटल्यासारखा थोडा थबकला, आणि पुन्हा वर गेला, आधीपेक्षा मोठा. खिडकीची काच थरथरली. समोरच्या आयांनी दचकून आपापल्या पोरांची तोंडं दाबली.

भिंगरीची आई उभी राहिली. तिचा हात पिशवीत गेला. मी पाहत होतो. तो हात पिशवीत चाचपडत होता, आणि तिचं लक्षसुद्धा तिकडे नव्हतं, डोळे दारावर. गोळी सापडली. तिनं मुठीत धरली आणि दाराशी गेली. दार ढकलून म्हणाली, "डॉक्टरबाई, मी गप्प करते तिला. लगेच गप्प होते."

तेव्हा आतून तू म्हणालीस, "रडू दे तिला. इथे कोणी झोपलेलं नाही."

तू हे सहज म्हणालीस. कदाचित तुला आठवतही नसेल, हात कामात होते. पण ती दारातच थांबली. मूठ तशीच. आत पोरगी भोकाड पसरून रडत होती, आणि कोणी तिला थांबवत नव्हतं. समोरच्या आयांचे हात हळूहळू पोरांच्या तोंडांवरून खाली आले.

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. या वेळी पूर्ण बाकावर, पाठ टेकून. बराच वेळ ऐकत राहिली, मान थोडी कलती करून, बाटलीचा नाद ऐकतात तशी. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मात्र चांगला दिसत होता.

"गुरुजी," ती म्हणाली, आणि कुजबुजली नाही, "हिचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीतच नव्हतं."

तुझा,
बाबा